सुपरहिरो हसला तर बिघडलं कुठे?

रविवारी दुपारी जेवणं झाली की आमच्याकडे पिक्चर लागतो हे ठरलेलं, पण कुठला लावायचा हे कधीच ठरत नाही. चिरंजीव अकरावीत गेल्यापासून त्यांना सगळं ‘डार्क’ लागतं. धाकटी पाचवीत, तिला हसायचंय. बायको ‘काहीही लावा पण आवाज कमी’ या पक्षाची, आणि आई सोफ्याच्या कोपऱ्यात लसूण सोलत बसते, टीव्हीकडे फारसं न बघता नुसते प्रश्न विचारते. रिमोट माझ्या हातात, त्यामुळे बोलणी पण मलाच.

परवा चिरंजीवांच्या हट्टापायी २०२२ चा ‘द बॅटमॅन’ लावला. जवळजवळ तीन तासांचा पिक्चर, बॅटमॅनच्या त्या गॉथम गावात पाऊस थांबत नाही आणि दिवा कोणी लावत नाही. थिएटरात ठीक आहे हो, पण पश्चिमेला बाल्कनी असलेल्या हॉलमध्ये दुपारी तीन वाजता टीव्हीत गॉथम कमी आणि आमचे वाळत घातलेले टॉवेलच जास्त दिसतात. पडदे ओढले, वरून चादर लावली, सगळे घामाघूम, तरी कोण कोणाला मारतंय ते कळेना.

“आला का रे तो?” आई.

“आजी, कधीचा आलाय, समोरच उभाय.”

“मग दिवा लाव म्हणावं त्याला. आणि एवढा श्रीमंत माणूस ना, मग रात्री झोपत का नाही?”

“त्याला ट्रॉमा आहे आजी. लहानपणीच आईवडील गेले त्याचे.”

“तुझ्या आजोबांचेही गेले होते. ते रेल्वेत लागले.”

यावर चिरंजीवांकडे उत्तर नव्हतं. मी मग संधी साधून त्याला सांगितलं की बाबा रे, तुझा हाच बॅटमॅन १९६६ च्या पिक्चरमध्ये हेलिकॉप्टरच्या शिडीला लटकतो, खालून शार्क त्याचा पाय धरतो, आणि वरून त्याचा जोडीदार रॉबिन त्याला शार्क पळवायचा स्प्रे आणून देतो, हो हो, तो स्प्रे हेलिकॉप्टरमध्ये तयारच असतो! मग पेटता बॉम्ब घेऊन तो धक्क्यावर सैरावैरा धावतो, पण टाकणार कुठे, इकडे नन, तिकडे बाबागाडीवाली बाई, बॅण्डवाले, पाण्यात टाकावा तर बदकं. यूट्यूबवर तो सीन लावला. धाकटी हसून सोफ्यावरून खाली, आणि चिरंजीवांचा चेहरा असा की कोणीतरी त्यांचं खानदान काढलंय.

काही अंशी त्याचं बरोबर पण आहे. १९९७ च्या ‘बॅटमॅन अँड रॉबिन’मध्ये बॅटमॅन चक्क स्वतःचं क्रेडिट कार्ड काढतो, व्हिलन बर्फावरचे पीजे मारत फिरतो, आणि त्या पिक्चरला लोकांनी इतकं धुतलं की पुढचा बॅटमॅन यायला २००५ उजाडलं. तो आला तो घसा बसलेला. (आईने लगेच ज्येष्ठमध सुचवलं.) २००८ चा ‘द डार्क नाइट’ मलाही जबरदस्त आवडतो, पण तो बघून लोकांच्या लक्षात कोण राहिलं? पेन्सिल गायब करायची जादू दाखवणारा जोकर. त्या सगळ्या काळोखात गंमत करणारा तो एकटाच, बाकीचे नुसते कपाळाला आठ्या घालून.

खरी ठिणगी पडली ती सुपरमॅनवरून. २०१३ च्या ‘मॅन ऑफ स्टील’मध्ये वादळ येतं, वडील कुत्र्याला सोडवायला मागे जातात आणि अडकतात, मुलाची ताकद जगाला कळू नये म्हणून लांबूनच हात वर करून नको म्हणतात, आणि हा अंगात अफाट ताकद असलेला दणकट मुलगा उभा राहून बघतो. आईची लसणाची पाकळी हातातच राहिली.

“उभा राहिला? नुसता?”

“आजी, ते डीप आहे. त्यामागे फिलॉसॉफी आहे.”

“चुलीत घाल ती फिलॉसॉफी. बाप गेला ना त्याचा!”

२०२५ च्या सुपरमॅनमध्ये भलामोठा राक्षस शहर तुडवतोय आणि हा मधेच एका खारीला उचलून बाजूला ठेवतो. चिरंजीव म्हणाले बालिश. आई म्हणाली याला म्हणतात देवमाणूस, आणि पुढची पंधरा मिनिटं आम्हाला सेतू बांधणाऱ्या खारीची गोष्ट. शिवाय त्याच्या कुत्र्यालाही लाल केप! धाकटीने आमच्या सोसायटीच्या मोत्याला बायकोची ओढणी बांधली ते वेगळंच.

आता हलकेफुलके पिक्चर सगळे गुणाचे असतात असं नाही हां. ‘थॉर: रॅग्नारॉक’मध्ये त्याचं अख्खं गाव डोळ्यांदेखत फुटतं, आपल्याला जरा गलबलून येतंय तोच तो दगडी प्राणी मधे जोक टाकतो. अरे दोन मिनिटं वाईट वाटू दे की! दर वाक्याला हशा हवाच असला की मलाही वैताग येतो, चिरंजीवांच्या बाजूने मत द्यावंसं वाटतं.

पण मग धाकटीने निवडलेला २०२३ चा ‘गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी’ लागला, तिसरा भाग. बोलणारा रॅकून, झाडाचा माणूस, गाणी, आम्ही निर्धास्त. आणि त्यात ती पिंजऱ्यातली प्रयोगाची जनावरं निघाली. ते पाणमांजर गेलं तेव्हा धाकटी हुंदके देतेय, बायको आवाज वाढव म्हणतेय (पहिल्यांदाच), मी चष्मा पुसतोय, आणि आमचे डार्क चिरंजीव पाणी प्यायला म्हणून किचनमध्ये गेले ते बराच वेळ आलेच नाहीत. एवढं रडायला तीन तासांच्या पावसातसुद्धा आलं नव्हतं कोणाला.

त्याचा सूड म्हणून आता पुढच्या रविवारी २०२१ ची ‘जस्टिस लीग’ ठरली आहे, चार तासांची. बायकोने माहेरी जायचं काढलंय. चिरंजीवांना तर तिची रंग काढून टाकलेली आवृत्तीच हवीये, म्हणे रंगांमुळे गांभीर्य जातं.

“ब्लॅक अँड व्हाइट आहे?” आईने लसूण बाजूला ठेवला. “मग बघू या की. गाणी चांगली असतील.”