झारशाही कोणी बुडवली?

‘लेनिननं झारला गादीवरून खेचलं’ असं कुणी म्हटलं की मला राहवत नाही. रशियाचा शेवटचा झार निकोलस दुसरा यानं गादी सोडली १५ मार्च १९१७ ला. तेव्हा लेनिन झुरिचमध्ये होता आणि पुढे क्रांतीत त्याचा साथीदार झालेला ट्रॉट्स्की न्यूयॉर्कला. जानेवारीत तर लेनिन स्वतःच भाषणात म्हणाला होता, आमच्या पिढीच्या म्हाताऱ्यांना ही क्रांती बघायला मिळेलच असं नाही!

मग गादी सोडल्याची सही घ्यायला गेलं कोण? गुचकोव आणि शुल्गिन हे राजकारणी, दोघंही राजेशाही मानणारे. प्स्कोव स्टेशनात उभ्या असलेल्या शाही गाडीत ते पोचले, तोवर झारचं मन वळलेलंही होतं. कारण झारच्या हाताखाली सैन्य सांभाळणाऱ्या जनरल अलेक्सेयेवनं पहिल्या महायुद्धाच्या आघाड्यांवरच्या सेनापतींना तारा करून मत विचारलं होतं आणि उत्तरं आली होती, गादी सोडा. झारचा चुलत चुलता निकोलाय निकोलायेविच यानं तर गुडघे टेकून विनवतो असं कळवलं. त्या रात्री झारनं रोजनिशीत लिहिलं की चहूकडे फितुरी, भित्रेपणा आणि फसवणूक आहे.

इथं बऱ्याच जणांना राजाची दया येते. मला नाही येत.

१८९५ मध्ये राज्यकारभारात थोडा वाटा मिळेल अशी आशा धरणाऱ्या स्थानिक प्रतिनिधींना या माणसानं ‘निरर्थक स्वप्नं’ म्हणून उडवून लावलं होतं. फेब्रुवारी १९१४ मध्ये दुर्नोवोनं लेखी बजावलं की जर्मनीशी युद्धात हरलो तर क्रांती अटळ आहे. हा दुर्नोवो कुणी डावा नव्हे, १९०५ चं बंड चिरडणारा गृहमंत्री! ऑगस्ट १९१५ मध्ये बहुतेक मंत्र्यांनी हातापाया पडून सांगितलं की स्वतः सरसेनापती होऊ नका. झाला. तोवर पराभव सेनापतींच्या नावावर जायचे, आता थेट त्याच्या. शिवाय राजधानी राणीच्या हाती गेली. १९१६ च्या जानेवारीपासून वर्षभरात तीनदा पंतप्रधान बदलले.

राणी आणि तिच्या मर्जीतला साधू रासपुतिन यांना झोडपणं सोपं आहे. आपल्याकडे ‘ध’चा ‘मा’ आनंदीबाईंच्या माथी मारून सगळे मोकळे होतात, तसंच हे. रासपुतिनला डिसेंबर १९१६ मध्ये मारलं, काय सुधारलं? मिल्युकोवसारख्या उदारमतवाद्यांनी ड्युमात, म्हणजे संसदेत, आगीत तेल ओतलं हे खरं, पण लाकडं कुणी रचली होती?

आणि राजधानी पेत्रोग्राडचे ते शेवटचे दिवस बघा. ८ मार्चला बायका भाकरीसाठी रस्त्यावर आल्या, कारखाने बंद पडत गेले. दूर मोगिलेवच्या लष्करी मुख्यालयात बसलेल्या झारची १० तारखेला तार आली, राजधानीतली ही गडबड उद्याच थांबवा. झालं, ११ तारखेला गर्दीवर गोळ्या चालल्या. गोळ्या झाडणाऱ्यांत व्होलिन्स्की रेजिमेंट होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तीच आधी उलटली. मागोमाग इतर पलटणी. लाखावर फौज असलेलं शहर त्या एका तारेनं हातचं गेलं.

शेवटची गंमतही त्याचीच. आजारी मुलाला जवळ ठेवायचं म्हणून कायद्यात नसताना मुलाचाही हक्क सोडला आणि गादी भावाला, मिखाइलला, देऊन टाकली. त्याला विचारलंसुद्धा नव्हतं. आधी कळवायला वेळ मिळाला नाही, माफ कर, अशी तार मागाहून केली. मिखाइलनं दुसऱ्याच दिवशी नकारावर सही केली.