दरवाजे कुणी उघडले?

ऑगस्ट २०१९मध्ये निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेचं पाणी महामार्गावर आलं आणि बेळगाव-कोल्हापूर रस्ता बंद पडला. तेव्हापासून दर पावसाळ्यात माझ्या फोनवर एकाच पुराच्या दोन कहाण्या येतात. सांगली-शिरोळकडचे नातेवाईक लिहितात, कर्नाटकानं खाली कृष्णेवरच्या अलमट्टी धरणात मुद्दाम पाणी तुंबवलं. चिकोडी-अथणीकडचे म्हणतात, महाराष्ट्रानं रातोरात कोयनेचे दरवाजे उघडून आम्हाला बुडवलं. दोन्हीकडे ऊस पाण्याखाली, दोन्हीकडे घरं मराठी, आणि दोन्हीकडे गुन्हेगार हद्दीपलीकडचा.

मी दुबईत राहतो. १६ एप्रिल २०२४ला इथं आभाळ फाटलं. अल ऐनजवळ खत्म अल शकलाला चोवीस तासांच्या आत २५४.८ मिलिमीटर पाऊस पडला. १९४९पासूनच्या नोंदींत असा पाऊस नाही. पाणी ओसरायच्या आत बेळगावहून निरोप आला : "विमानं उडवून पाऊस पाडत होते न्हवं, आता भोगा की ओ!" इथं कृत्रिम पाऊस पाडतात, हे खरं. पण त्यासाठी आधी ढग लागतात. आलेल्या ढगात मिठाचे कण सोडून थोडा जास्त पाऊस मिळवता येतो, आखाती देशांवर पसरलेली वादळी प्रणाली तयार करता येत नाही. तीच प्रणाली ओमानमध्ये आधीच माणसांचे जीव घेऊन आली होती आणि तिचा अंदाज काही दिवस आधीच वर्तवला गेला होता.

आता आपल्याकडचे दरवाजे बघू. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण भरलं की पाण्याच्या दाबानं ते आपोआप उघडतात. बटण दाबायला तिथं कुणी बसलेलं नसतं. ते पाणी भोगावतीतून पंचगंगेत, नरसोबावाडीला कृष्णेत आणि शिरोळकडच्या राजापूर बंधाऱ्यावरून आपल्या बेळगावच्या हद्दीत येतं. तिकडून दूधगंगा-वेदगंगेचं पाणीही कृष्णेलाच मिळतं. सह्याद्रीत आठवडाभर पाऊस धरला की या नद्या एकदम फुगतात, त्याला कट लागत नाही. अलमट्टीचं म्हणाल तर महाराष्ट्रानंच नेमलेल्या वडनेरे समितीनं २०२०मध्ये सांगितलं की २०१९च्या पुराला अलमट्टी कारणीभूत नाही. धरणाची उंची समुद्रसपाटीपासून ५१९.६ मीटरवरून ५२४.२५६ मीटर करावी की नाही, हा वाद वेगळा. तो जरूर घाला, पण पाणीपातळीचे आकडे समोर ठेवून.

संशय घेऊच नये, असं माझं म्हणणं नाही. ११ डिसेंबर १९६७ला कोयनेचा भूकंप झाला. धरणाच्या पाण्यानंच जमीन हलवली, ही शंका शास्त्रज्ञांनी झटकून टाकली नाही. जलाशयाची पातळी आणि हादऱ्यांच्या नोंदी वर्षानुवर्षं ताडून बघितल्या आणि शंका खरी ठरली. ती खोटी ठरण्याचीही वाट त्यांनी मोकळी ठेवली होती. अलमट्टीवाल्या कहाणीत ती वाटच नाही. आकडे दाखवले की आकडे खोटे, समिती आली की समिती फितूर.

दुबईत त्या पावसानंतर लोकांनी सांडपाण्याच्या आणि पावसाच्या पाण्याच्या वाटांबद्दल बोलायला सुरुवात केली. जूनमध्ये ३० अब्ज दिरहमची पर्जन्यजल निचरा योजना जाहीर झाली. पण माझ्यासारख्या परदेशी नोकरदाराला इथं सरकारला जाब विचारता येत नाही. तुम्हाला विचारता येतो. मोर्चा काढता येतो, निवेदन देता येतं, माहितीचा अधिकार वापरता येतो. एवढी ताकद हातात असून ती "कुणी केलं" यात खर्ची पडते, याचा मला फार त्रास होतो.

कारण ज्याचं उत्तर डोळ्यांसमोर आहे, ते कुणी विचारत नाही. बेळगावच्या बळ्ळारी नाल्याकडे बघा. गाळ साचलेला, जलपर्णी माजलेली, काठावर अतिक्रमणं. चार दिवस पाऊस लागला की पाणी वडगाव, शहापूर, येळ्ळूरच्या शिवारात शिरतं आणि लावणी झालेलं भात कुजतं. मग दुबार लावणीचा खर्च शेतकऱ्याच्याच डोक्यावर. यात ना अलमट्टी, ना कोयना. शेतकरी वर्षानुवर्षं ओरडतात, पण शहरातल्या गटांवर त्यांच्या निवेदनापेक्षा धरणाच्या दरवाजाचा व्हिडिओ जास्त फिरतो.

कोयना, राधानगरी, घटप्रभेवरचं हिडकल धरण आणि राजापूर बंधाऱ्याच्या विसर्गाचे रोजचे आकडे मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत नदीकाठच्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागले पाहिजेत. आणि बळ्ळारी नाल्यातला गाळ मिरगाच्या आधी निघाला पाहिजे, लावणी बुडाल्यावर नव्हे.