समुद्र राखणार कोण, आधी ते ठरवा

कोरल, म्हणजे समुद्रातलं प्रवाळ, वाचवायचं म्हणजे सरकारने मरीन पार्क (समुद्रातला राखीव भाग) जाहीर करायचं, बोर्ड लावायचा, दंड ठेवायचा आणि झालं काम, असं अजूनही खूप जणांना वाटतं. मला हे पटतच नाही. पाण्याला कुंपण घालता येत नाही हो! रात्री दोन वाजता कुणाची होडी आत शिरली हे शहरातल्या ऑफिसात बसून कळत नाही, किनाऱ्यावर राहणाऱ्याला कळतं, आणि तोच जर पार्कवर चिडलेला असेल तर तो बघूनही गप्प बसणार.

फिलिपिन्समधली दोन बेटं बघा, सुमिलॉन आणि आपो. दोन्हीकडे सिलिमन युनिव्हर्सिटीचे अँजेल अल्काला होते, म्हणजे शास्त्रज्ञ तेच, आयडिया तीच, कोरलचा थोडा भाग पूर्ण बंद ठेवायचा आणि बाकीच्या भागात मासे पकडायचे. सुमिलॉनला हे १९७४ मध्ये सुरू झालं आणि बाहेरच्या भागात मासळी छान मिळायला लागली. पण १९८४ मध्ये स्थानिक राजकारण फिरलं, राखण सुटली, बंद भागातही जाळी पडली. तेव्हा एक कोपरा जास्तीचा उघडला म्हणून मासळी वाढायला हवी होती ना? उलट दीडेक वर्षात बेटाभोवतीची एकूण मासळी जवळपास निम्म्यावर आली! कोरलची राखण म्हणजे मच्छीमाराच्या पोटावर पाय असं म्हणणाऱ्यांनी हे एकदा नीट वाचावं असं मला मनापासून वाटतं.

आपो बेटावर मात्र घाई केली नाही. तिथल्या मच्छीमारांशी काही वर्षं नुसतं बोलणं चाललं, त्यांना सुमिलॉनला नेऊन पाण्यातले मासे दाखवले, आणि मग १९८२ मध्ये काही कुटुंबांनी स्वतः ठरवून किनाऱ्याजवळचा एक तुकडा बंद केला. तुकडा केवढा, तर कोरलचा फार तर दहावा हिस्सा. राखणदार गावातलेच, बंताय दागात म्हणतात त्यांना. माझ्या मते ही बोलण्यात गेलेली वर्षंच सगळ्यात महत्त्वाची आहेत, आणि नेमकं त्यालाच कुठल्या प्रोजेक्टच्या बजेटमध्ये पैसे नसतात, बोये (पाण्यावर तरंगणाऱ्या खुणा) आणि बोर्ड यांना असतात.

मेक्सिकोतल्या काबो पुल्मोचंही असंच. १९९५ मध्ये ७१ चौरस किलोमीटरचं पार्क झालं, कायद्याने त्यातला साधारण एक तृतीयांश भागच पूर्ण बंद होता, पण तिथल्या कुटुंबांनी बाकीच्या भागातही मासेमारी सोडली आणि स्वतःच राखण केली. १९९९ ते २००९ या काळात तिथल्या माशांचं एकूण वजन ४६० टक्क्यांहून जास्त वाढलं. मोठी मादी छोटीपेक्षा कितीतरी पट जास्त अंडी घालते, त्यामुळे मासे नुसते मोठे होऊ दिले तरी हिशोब बदलतो. आणि पोपटमासे वगैरे शेवाळ खाणारे मासे टिकले तर कोरलच्या पिल्लांना चिकटायला स्वच्छ जागा मिळते, नाहीतर शेवाळ सगळं झाकून टाकतं.

आता पैशाचं, कारण भांडणं इथेच होतात. गस्तीच्या होडीला इंधन लागतं, राखणदाराला पगार लागतो, बोटींनी नांगर टाकू नये म्हणून कायमचे बोये बांधावे लागतात (गोलसर दगडी कोरल वर्षाला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतं, नांगर ते एका क्षणात फोडतो). कॅरिबियनमधल्या बोनेर बेटाचं मरीन पार्क १९७९ चं, मधे पैसे संपले आणि कारभार थंडावला, मग १९९२ पासून प्रत्येक डायव्हरकडून वर्षाला १० डॉलर फी घ्यायला लागले तेव्हा ते पायावर उभं राहिलं. म्हणजे फी घेता येते, लोक देतात. प्रश्न असतो ती जाते कुठे. आपो १९९४ मध्ये राष्ट्रीय संरक्षित क्षेत्र झालं, अधिकार वरच्या मंडळाकडे गेले, फी सरकारी तिजोरीतून फिरून परत यायला लागली आणि ती यायला उशीर व्हायचा, यावर गावात नाराजी होती. मला ती नाराजी शंभर टक्के रास्त वाटते. ज्यांनी स्वतःचं पाणी बंद केलं त्यांनी पैशासाठी अर्ज करत बसायचं? फीचा हिशोब गावात सगळ्यांसमोर वाचला गेला पाहिजे, आणि डायव्हिंगवाल्यांची कमाई होतेय पण जाळं सोडलेल्या घराला काहीच नाही असं असेल तर तो राग उद्या गस्तीवर निघणार हे नक्की.

हेही खरं की पार्कमुळे पाणी थंड होत नाही. पाणी तापलं की कोरल आपल्या आत राहणारं सूक्ष्म शैवाल (वरून झाकणारं शेवाळ वेगळं) बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. २०२४ च्या एप्रिलमध्ये जगभरातलं चौथं मोठं ब्लीचिंग जाहीर झालं, त्यात चांगली राखलेली पार्कंही सुटली नाहीत. आपोचा तो बंद तुकडा तर २०११ आणि २०१२ च्या वादळांत पार मोडला. पण म्हणून राखण सोडायची का? अशा वेळी तर शेवाळ खाणारे मासे जास्तच हवेत, आणि जाळी, नांगर यांचा मार तरी आपल्या हातात आहे, तो थांबवला तर कोरलला सावरायला वेळ मिळतो. म्हणून कुणी नवीन मरीन पार्कचा प्लॅन दाखवला की मी नकाशा बघायच्या आधी एवढंच विचारते, राखणदार कुठल्या गावचे आहेत आणि त्यांचा पगार कोण देणार आहे, तोही पाच वर्षांनी प्रोजेक्टचा फंड संपल्यावर.