कन्सोल दिसायला कसा आहे, हा फालतू प्रश्न नाही

'कसाही दिसो, गेम चालल्याशी मतलब.' आमच्या फोंड्याच्या ग्रुपवर नव्या कन्सोलचा, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायच्या मशीनचा, फोटो आला की कोणीतरी हे टाकतोच आणि बाकीचे लाईक ठोकतात. मला हे अजिबात पटत नाही. पन्नास हजारांच्या घरातली वस्तू आपण हॉलमध्ये टीव्हीशेजारी मांडतो. खेळताना आपले डोळे स्क्रीनवर असतात, पण उरलेला सगळा वेळ ती तिथेच असते, आणि न खेळणाऱ्या माणसांसमोर असते.

या धंद्याला तर एकदा रूपानेच हात दिलाय. १९८३ साली अमेरिकेत व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला आणि दुकानदार गेमचं नाव काढू देईनात. तिकडे जपानमध्ये निन्टेन्डो कंपनीने त्याच वर्षी फॅमिकॉन नावाचा लाल-पांढरा कन्सोल आणला होता. अमेरिकेत तो खेळणं म्हणून चालणार नाही हे ओळखून १९८५ मध्ये त्यांनी त्याचा करडा डबा केला. पुढे झाकण, व्हीसीआरसारखी गेमची कॅसेट आत सरकवायची. मशीन मुळात तेच, पण दुकानात जागा मिळाली. मात्र कॅसेट आत सरकवून खाली दाबायच्या त्या रचनेने पिना सैल व्हायच्या, स्क्रीन लुकलुकायची आणि पोरं कॅसेटला फुंकर मारत बसायची. १९९३ मध्ये शेवटी वरून कॅसेट लावायचं मॉडेल काढावं लागलं. (फुंकर तर आपल्याकडच्या टीव्ही गेमलाही मारली जायची. तोंडाची वाफ पिनांना गंज चढवते, हे तेव्हा कोण सांगणार!)

म्हणून माझं म्हणणं एवढंच की रूप हवंच, पण ते कामातून आलेलं हवं. सोनीचा २००६ चा पहिला प्लेस्टेशन ३ आठवा. पियानोसारखा चकचकीत काळा, जाहिरातीत देखणा. पण त्यावर बोटांचे ठसे आणि धूळ लगेच उठून दिसायची. २००९ च्या स्लिम मॉडेलमध्ये ती चकाकी गेली, ते उत्तम झालं. आमच्याकडे मे महिन्यात तांबडी धूळ दारं-खिडक्या लावल्या तरी आत येते, आणि जूनपासून चार महिने कपाटातल्या चपलांनाही बुरशी धरते. अशा घरात चकचकीत प्लॅस्टिक काय कामाचं?

उलट प्लेस्टेशन ५. त्याच्या दोन्ही बाजूंच्या पांढऱ्या पाकळ्यांना लोकांनी नावं ठेवली, पण कोपरा उचलून पाकळी सरकवली की निघते आणि आत धूळ जमायला मुद्दाम केलेली भोकं दिसतात. पावसाळ्याआधी तिथे व्हॅक्यूम लावला की तांबड्या पिठासारखी धूळ निघते. हे मला खरं सौंदर्य वाटतं. उंचीचं मात्र कठीण आहे. पहिलं मॉडेल जवळपास ३९ सेंटिमीटर, साडेचार किलो. आपल्या शोकेसच्या फळीत ते उभं राहत नाही, आडवंच ठेवावं लागतं.

मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स सिरीज एक्सला लोक फ्रीज म्हणाले. मला तो आवडतो. चौकोनी काळा खांब, वरच्या जाळीखाली एक मोठा पंखा, गरम हवा सरळ वर. माझ्या मावशीने त्याच जाळीवर क्रोशाचा रुमाल अंथरला होता, मिक्सरवर घालतात तसा. तिला नीट समजावून तो काढला. त्या रुमालात तिची चूक नाही. वस्तू हॉलमध्ये शोभावी असं घरातल्या माणसाला वाटणारच, आणि डिझाइन करणाऱ्याने ते धरून चालायला हवं.

मला सगळ्यात आवडलेला बाह्य भाग म्हणजे निन्टेन्डोच्या २००१ च्या गेमक्यूबचं हँडल. जांभळा छोटा ठोकळा, मागे धरायला मूठ. चवथीला आम्ही सगळी भावंडं मूळ घरी जमतो, आरत्या आटोपल्या की कोणाचा तरी कन्सोल टीव्हीला लागतो. स्कूटरच्या पुढ्यात तो पिशवीत सांभाळून आणणाऱ्याला विचारा मुठीची किंमत! गेमक्यूब दोन कोटींच्या थोडा वर खपला आणि डीव्हीडी दाखवणारा साधा काळा प्लेस्टेशन २ पंधरा कोटींच्या पुढे गेला, हे मला माहीत आहे. नुसत्या रूपावर कन्सोल खपत नाही, हे मान्यच. पण म्हणून ती मूठ कुठल्याच मोठ्या कंपनीने आपल्या घरच्या कन्सोलला पुन्हा देऊ नये?

यंदा चवथीच्या आधी कोणी घेणार असाल तर फळीची उंची आणि खोली टेपने मोजूनच दुकानात जा. मागे आणि वर हवेला जागा सोडा. आणि रंग घरच्यांना विचारून ठरवा, पुसायचा त्यांनाही आहे.