‘बँकेने पास केली म्हणजे गाडी चांगली’? एका फॉरवर्डची झडती

ठाण्या-नवी मुंबईच्या सोसायटी ग्रुपांवर एक मेसेज फिरून फिरून येतो. मजकूर साधारण असा: ‘जुनी गाडी रोखीने घेऊ नका, डीलरकडूनच लोन करा. बँक स्वतः गाडी तपासते, त्यामुळे अपघाताची किंवा मीटर फिरवलेली गाडी पास होतच नाही. व्याज फक्त ८ टक्के. टीटी फॉर्मवर सही झाली की गाडी तुमची. इन्शुरन्स एनसीबीसकट गाडीबरोबरच येतो. आणि उद्या काही निघालंच तर बँक बघून घेईल.’ खाली जोडलेले हात आणि ‘आपल्या माणसांपर्यंत पोचवा’. लिहिणारा डीलरच्याच गोतावळ्यातला असावा असा माझा संशय आहे. पुरावा नाही, तेव्हा मजकुराकडेच वळू.

बँक गाडी तपासते हे खरं आहे, पण स्वतःसाठी. व्हॅल्युएशनवाला येतो, चारी बाजूंनी फोटो काढतो, चेसिस नंबर आरसीशी ताडून बघतो, मीटरचा फोटो घेतो आणि निघतो. गाडी आहे, नंबर जुळतो आणि हप्ते थकले तर ती विकून किती सुटतील, एवढंच त्याने सांगायचं असतं. तिसरा गियर अडतो का, बॉनेटखालचा पत्रा बदललाय का, हे त्याच्या कामात बसत नाही. मीटरवर दिसेल तो आकडा तो लिहितो. मागे फिरवलेला असेल तर फिरवलेलाच आकडा रिपोर्टात जातो. शिवाय त्याला फोन करून बोलावणारा बहुतेक वेळा डीलरच असतो.

म्हणून स्वतःचा मेकॅनिक न्या, त्याचे पैसे स्वतः द्या. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधली जुनी बिलं विक्रेत्याकडून मागा; प्रत्येक बिलावर त्या दिवशीचं रीडिंग असतं आणि दोन बिलांमध्ये किलोमीटर घटलेले दिसले तर पुढे बोलायचं कारणच उरत नाही. आपल्याकडे पावसाळ्यात पार्किंगमध्ये पाणी शिरणं नवीन नाही, त्यामुळे पाण्यात बसलेली गाडी धुऊन-पुसून बाजारात येते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, स्टेपनीखालचा खड्डा बघा, सीटच्या रुळांवरचा गंज बघा. अत्तराचा वास जरा जास्तच येत असेल तरी सावध व्हा.

आता ते ‘फक्त ८ टक्के’. मेसेजमधला सगळ्यात महागात पडणारा भाग हाच, आणि गंमत म्हणजे तो धडधडीत खोटाही नाही. हे ८ टक्के फ्लॅट असतात. पाच लाख कर्ज, पाच वर्षं, ८ टक्के फ्लॅट म्हणजे दरवर्षी ४०,००० प्रमाणे २,००,००० रुपये व्याज. एकूण फेड ७,००,०००, हप्ता ११,६६७. मुद्दल पहिल्या हप्त्यापासून उतरत जाते, पण व्याज मात्र शेवटपर्यंत पुऱ्या पाच लाखांवर लागतं. घरकर्जासारखं शिल्लक मुद्दलावर खरंच ८ टक्के असतं, तर हप्ता १०,१३८ च्या आसपास आला असता आणि व्याज साधारण १,०८,०००. ‘फ्लॅट’ हा एक शब्द गाळून ९०,००० हून जास्त रुपये निघाले. बँकांच्या जाहिरातीतल्या दराशी तुलना करायची तर हा ८ टक्के फ्लॅट दर १४ टक्क्यांच्या वर जातो. डीलर हे सांगत नाही, कारण कर्ज आणून देण्याबद्दल त्याला पेआउट, म्हणजे कमिशन मिळतं. रोखीचा भाव जास्त आणि लोनचा कमी, असं उलटं गणित काही ठिकाणी ऐकू येतं ते यामुळेच.

यावर उपाय आहे, आणि तो सरकारी असूनही कामाचा आहे. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२४ च्या परिपत्रकानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक नव्या किरकोळ कर्जासाठी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ द्यावंच लागतं, तेही कर्जदाराला समजेल अशा भाषेत. त्यात एपीआर, म्हणजे वर्षाचा खरा एकूण दर लिहिलेला असतो. प्रोसेसिंग फी आणि कर्ज देणाऱ्याने तुमच्याकडून वसूल केलेला विम्याचा हप्ताही त्यात धरावा लागतो. कर्जात गुपचूप चढवलेला ‘लोन सुरक्षा’ विमा इथे उघडा पडतो. स्टेटमेंटमध्ये नसलेला आकार तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. विचार करायला किमान तीन कामकाजाचे दिवस मिळायला हवेत. ‘ऑफर आज सातपर्यंतच’ म्हणणाऱ्याला हे सांगून बघा. त्याच कागदात मुदतीआधी कर्ज फेडण्याचा आकारही बघून ठेवा, कारण जुन्या गाडीची कर्जं सहसा ठरावीक दराची असतात आणि फोरक्लोजरला पैसे कापले जातात.

टीटी फॉर्म म्हणजे गाडी दुसऱ्याच्या नावावर करण्याचे फॉर्म २९ आणि ३०. सही झाली म्हणजे अर्ज तयार झाला, एवढाच त्याचा अर्थ. आरटीओच्या नोंदीत नाव चढेपर्यंत कागदोपत्री मालक जुनाच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं असतं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत. सह्या केलेले कोरे फॉर्म डीलरच्या ड्रॉवरमध्ये पडून राहतात आणि गाडी दोन-तीन हात फिरते. अशा गाडीला अपघात झाला तर? सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार खटल्यात नोंदीतल्या मालकालाच भरपाईसाठी जबाबदार धरलं, गाडी विकून झालेली असूनही. म्हणजे हा मुद्दा गाडी विकणाऱ्यांनीही वाचावा.

आरसीवर जुनी एचपी, म्हणजे आधीच्या कर्जाचा बोजा असेल तर आणखी एक फट आहे. तुमच्या कर्जाचे पैसे डीलरच्या खात्यात जातात आणि त्यातून आधीच्या मालकाचं कर्ज त्याने मिटवायचं असतं. त्याने ते महिनाभर वापरले तर एका गाडीवर दोन कर्जं उभी राहतात. सरकारी एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून एचपी कोणाच्या नावाची आहे ते टोकन देण्याआधी बघा. जुन्या बँकेची एनओसी आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ हातात पडेपर्यंत काही रक्कम राखून ठेवा. आणि १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकृतता प्रमाणपत्र लागतं, तेही दाखवायला सांगा.

इन्शुरन्सचं थोडक्यात. थर्ड पार्टी कव्हर गाडीबरोबर येतं, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं आपोआप येत नाही. त्यासाठी १४ दिवसांत पॉलिसी नावावर करायला अर्ज करायचा. एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, गाडीची नसते, माणसाची असते. ती जुन्या मालकाबरोबर जाते आणि तुम्हाला फरक भरावा लागतो.

‘बँक बघून घेईल’ हे मात्र निखालस खोटं. विक्रीचा करार डीलरशी, कर्जाचा करार बँकेशी. इंजिन बसलं तरी ५ तारखेचा हप्ता जातोच. थांबवलात तर सिबिल खराब तुमचं. भांडायचं असेल तर डीलरशी, जिल्हा ग्राहक आयोगात. २०१९ च्या कायद्यामुळे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे ऐरोलीवाल्याने ठाणे जिल्ह्यात आणि खारघरवाल्याने रायगडात. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. आधी ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर फोन करून बघा. तक्रार कर्जातल्या लपवाछपवीची असेल तर प्रथम कर्ज देणाऱ्याकडे लेखी द्या, आणि ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा.

राहता राहिलं ‘रोख देऊ नका’. हे बरोबर आहे, फक्त कारण वेगळं. एका व्यवहारात दोन लाख किंवा जास्त रोख स्वीकारायला आयकर कायद्याने २०१७ पासूनच बंदी आहे. पण रोख नको म्हणजे डीलरचंच लोन हवं, असं नाही. आधी आपल्या बँकेत जाऊन एपीआर विचारा, मग दुकानात जा. टोकनही खात्यातूनच द्या, आणि पावतीवर ‘लोन नाकारलं गेल्यास टोकन परत’ एवढं लिहून घ्या. लिहायला नाही म्हणाला, तर पुढचं दुकान दहा पावलांवर आहे.