कमर भागिले दोन पाय

गेल्या रविवारी डोंबिवली ते दादर एवढ्या प्रवासात एका अनोळखी आजींनी माझ्या नव्याकोऱ्या ड्रेसचा घेर भर डब्यात उलटा केला, आतून तपासला आणि नापास केला. आज बुधवार आहे. माझं डोकं अजून ठिकाणावर आलेलं नाही.

पूर्वपीठिका थोडक्यात उरकते. मला जुन्या धाटणीचे ड्रेस शिवायचं वेड आहे. जुने म्हणजे १९५०च्या आसपासचे. वर अंगाबरोबर बसणारी चोळी, आवळलेली कंबर आणि तिथून खाली छत्रीसारखा उघडणारा घेर. मावसबहिणीचा साखरपुडा दादरला होता. आई म्हणाली, काठापदराची नेस. मी ड्रेस घातला. झाली पूर्वपीठिका.

घेराबद्दल मात्र सांगावं लागेल, कारण सगळं महाभारत त्याच्यावरूनच झालं. असा पूर्ण गोल घेर बेतायचं एक सूत्र आहे : कमर भागिले दोन पाय. स्वयंपाकघराच्या फरशीवर कापड पसरून, खडू हातात धरून मी हे मोठ्याने घोकत होते, तेव्हा नवऱ्याने चहाचा कप खाली ठेवून गंभीरपणे विचारलं, "चार पायांच्यांना वेगळं असतं का?" तर हा पाय म्हणजे शाळेतला बावीस सप्तमांश. माझी कमर ३० इंच (श्वास रोखून). ३० भागिले ६.२८, म्हणजे साधारण पावणेपाच इंच. तेवढ्या त्रिज्येचं भोक मधोमध, त्याच्यापुढे २७ इंच लांबी, आणि खडूला दोरा बांधून बाहेरचं वर्तुळ ओढलं की खालचा काठ भरतो तब्बल २०० इंच. पाच मीटर! ४४ पन्ह्याचं साडेचार मीटर सुती कापड लागलं, बाटलीहिरव्यावर पांढरे टिपके. दोन महिन्यांचे रविवार लागले. उसवाउसवी धरली तर तीन.

या उधळपट्टीला इतिहास आहे. १२ फेब्रुवारी १९४७ला ख्रिस्तियन दिओर या फॅशन डिझायनरने पॅरिसमध्ये असले घेरदार स्कर्ट दाखवले. युद्ध नुकतंच संपलेलं, ब्रिटनमध्ये तर १९४१पासून कपडे कुपनावर मिळायचे ते १९४९पर्यंत तसेच मिळत राहिले, आणि हा गृहस्थ एकेका पोशाखाला वारच्या वार कापड ओतत होता. काही बायका हरखल्या, काही भडकल्या. पॅरिसच्या एका रस्त्यात फोटोसाठी उभ्या केलेल्या मॉडेलचे कपडे चिडलेल्या बायकांनी अंगावरून ओढून फाडले. त्याचे फोटो आजही बघायला मिळतात. ते पाहून मला वाटायचं, काय रानटी बायका. आता वाटतं, निदान त्यांनी आतली शिलाई तरी तपासली नाही.

तर रविवार. लेडीज डब्यात बसायला मिळालं, चौथी सीट का होईना. चौथी सीट म्हणजे अर्धं बूड फळीवर आणि अर्धं देवाच्या भरवशावर. त्यात २०० इंचांचा घेर. तो काही माझ्यापुरता राहीना. शेजारणीच्या मांडीवर गेला, वाटेत पसरला, समोरच्या बाईच्या चपलेखाली गेला. ती म्हणाली, "ताई, तुमचा पडदा जरा आवरा ना."

पडदा! मी तो गोळा करून मांडीत धरला, जसं काही जत्रेतून चिरमुऱ्यांचं गाठोडं आणलंय.

शेजारी आजी होत्या. लहानखुऱ्या, सुती पातळ, चष्म्याची एक काडी काळ्या दोऱ्याने बांधलेली, मांडीवरच्या पिशवीतून दुधी डोकावतोय आणि हातातल्या बांगडीत सेफ्टीपिनांचा झुबका. कोपर स्टेशन गेल्यापासून त्या माझ्या मांडीतल्या गोळ्याकडे एकटक बघत होत्या. दिवा स्टेशनाच्या आसपास त्यांना राहवेना.

"हे कोणी शिवलं गो?"

खोटं कशाला बोलू, या प्रश्नाची मी दोन महिने वाट बघत होते. आवाज शक्य तितका सहज ठेवून म्हटलं, "मीच."

"अस्सं," म्हणाल्या, आणि घेराचा काठ उचलून सरळ उलटा केला. विचारणं नाही, काही नाही. भाजीवालीकडे मेथीची जुडी उलटी करून देठं बघतात तसं. हेच एखाद्या पुरुषाने केलं असतं तर पुढच्या स्टेशनावर त्याची वरात निघाली असती. पण ऐंशीच्या आजींना आपल्याकडे सगळीकडे हात घालायचा परवाना असतो.

"इंटरलॉक नाय केलंस?"

"नाही आजी. त्या काळी कडा नागमोडी कात्रीने कापून सोडायचे. मी मुद्दाम तसं केलंय."

आजींनी कड चष्म्याजवळ नेली. "उंदराने खाल्लंय असं वाटतं."

समोरची पडदावाली हसली. मी खिडकीबाहेर बघायला लागले, पण आजींचा हात आता माझ्या काखेपाशी पोचला होता. "आणि ही चेन बगलेत का? पाठीला जागा नव्हती?"

"त्या काळी चेन डाव्या कुशीलाच असायची," मी म्हटलं. याबाबतीत मी अगदी बरोबर आहे, हे इथे नोंदवून ठेवते. त्या काळच्या कितीतरी ड्रेसांना चेन कुशीलाच असे, आणि ती मुंढ्याखाली वळवून बसवायला मला तीनदा उसवावं लागलंय.

"कंच्या काळी?"

"म्हणजे... १९५५ वगैरे."

"पंचावन्न साली मी चौथीत होते, लालबागला. अशी बगलेत चेन कोणाची नव्हती. आम्ही परकर-पोलकं घालायचो. समोरच्या बिल्डिंगीत एक नर्सबाय होती, ती घालायची असलं झगझगीत." जरा थांबून, काठ पुन्हा हातात घेऊन म्हणाल्या, "पण तिचं लोंबत नव्हतं."

लोंबत? कुठे लोंबतंय?

"अंब्रेला कट ना हा? कापल्यावर टांगलावतास?"

इथे मला गप्प बसावं लागलं. कारण हे मला ठाऊक होतं. उभ्या-आडव्या धाग्यावर कापड ताणत नाही, पण तिरकं, म्हणजे उरेब झालं की स्वतःच्याच वजनाने खाली ओघळतं. गोल घेराला असे चार उरेब कोपरे असतात. म्हणून बेतून शिवल्यावर घेर निदान एक अख्खा दिवस टांगून ठेवायचा, ओघळायचं तेवढं ओघळू द्यायचं, मग काठ सारखा कापून दुमड मारायची. मी कुठे कुठे वाचलेल्या प्रत्येक सूचनेत हे लिहिलेलं होतं. आणि मी शनिवारी रात्री साडेअकरा वाजता, दुसऱ्या दिवशी साखरपुडा म्हणून, थेट दुमड मारली होती.

"वेळ नव्हता," मी पुटपुटले.

"वेळ नव्हता म्हणते," आजींनी डब्याला कळवलं.

मग डबा कामाला लागला. "उभी राहा बघू," कुणीतरी म्हणालं, आणि मी (अजून कळत नाही का) उभी राहिले. कॉलेजच्या एका मुलीने मोबाइलचा टॉर्च मारला. डावीकडे दोन बोटं खाली आहे, मागे दीड, असा निकाल लागला. एक काकू म्हणाल्या, "आमच्या पुढच्या गल्लीत टेलर आहे, हुशार आहे हो," आणि मला नंबर लिहून द्यायला लागल्या. मी मागितला नव्हता. ज्यांना स्वतःच्या ब्लाऊजचं हुक लावता येत नाही अशा बायकांनी त्या दहा मिनिटांत माझ्या शिलाईबद्दल जी मतं दिली, ती ऐकून घ्यायला मला कुणीतरी पगार द्यायला हवा होता.

ठाण्याला क्लिपा-टिकल्यावाली चढली. आजींनी तिला हाकारून सुई-दोऱ्याचं कार्ड काढायला लावलं आणि माझ्याकडे बोट दाखवलं, "दहा रुपये दे हिला." दिले. दहा रुपये मीच दिले, हे मी विसरणार नाही. "आता बस. हलू नको," आजी म्हणाल्या, आणि चालत्या गाडीत, दुधी माझ्या हातात देऊन, त्यांनी दुमड मारायला घेतली.

त्या कार्डावर हिरवा दोरा हातभर होता. तो घाटकोपरला संपला. काळा होता, पांढरा होता. मी म्हटलं, "आजी, पांढरा घ्या ना, टिपक्यांत खपून जाईल." तर म्हणाल्या, "पांढरा मळतो." काळा? "शुभकार्याला काळा?" आणि ओवला राणी कलर. बाटलीहिरव्यावर राणी कलर! मुंबईच्या समस्त लोकलमध्ये त्या क्षणी याहून भडक जोडी नसेल.

पण हात असा चालत होता की बघत राहावं. गाडीने गचका दिला की सुई थांबायची, गचका संपला की चालू. टाके सगळे एका मापाचे, जोंधळ्याच्या दाण्याएवढे. शिवता शिवता तुटक तुटक बोलत होत्या. मालक गिरणीत होते. संप लागला. गिरणगावातलं माणूस नुसतं 'संप' म्हणालं की कोणता ते विचारायचं नसतं. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेला, दत्ता सामंतांचा, अडीच लाख कामगारांचा. तो रीतसर मिटलाच नाही, माणसंच मिटत गेली. आजींनी मग मशीन घेतलं, परकर शिवायला. डझनावर. "डझनाला किती मिळायचे?" मी विचारलं. "ते नको विचारू," म्हणाल्या, "दोरा आपलाच असायचा." आणि मग, "त्यात लोंबलेला परकर शेठ परत पाठवायचा. पैसे कापून."

इथे मला गहिवरून यायला हवं होतं. येतही होतं. पण तेवढ्यात गाडी कुर्ल्याच्या सांध्यांवर उसळली आणि सुई माझ्या पोटरीत गेली.

"हलू नको सांगितलं ना," आजी म्हणाल्या.

दादर आलं तेव्हा डावी बाजू आणि मागचा थोडा भाग झाला होता. दारात रेटारेटी सुरू झाली, मागून 'उतरा, उतरा' चालू, आणि आजी वाकून माझ्या घेराशी दातांनी दोरा तोडतायत. उतरल्यावर दुधी माझ्या हातातून काढून घेतला आणि एवढंच म्हणाल्या, "उरलेला घरी कर. आधी टांग."

गर्दीत दिसेनाशा झाल्या. छान दिसतो, असं एकदासुद्धा म्हणाल्या नाहीत. एवढा तपासला, टोचला, पण रंग छान आहे, फिटिंग बरं आहे, काही नाही. मला वाटतं मला खरा राग त्याचाच आहे.

हॉलवर पोचले तर दारातच मामी. मामी शिवलेल्या नऊवारीत होत्या, पाठीला चेनवाल्या. मला खालपासून वरपर्यंत बघून म्हणाल्या, "घरी शिवलास? किती कापड गेलं?" मी सांगितलं साडेचार मीटर. "अगं बाई! तेवढ्यात दोन पंजाबी ड्रेस झाले असते की." नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर होतात, हे मी बोलले नाही. साखरपुडा होता. "आणि हा खाली गुलाबी काय, फॅशन आहे का?"

"हो," मी म्हटलं.

"घरीच शिवलास म्हणजे स्वस्तात पडला असेल नाही?"

हे एक आपल्याकडचं गणित मला कधी कळलेलं नाही. बुटिकमध्ये पाच हजार मोजले की तो ड्रेस. शिंप्याकडे सहा खेपा घालून, दोन वेळा भांडून आणला की तीही शिलाई. पण घरातल्या बाईने दोन महिन्यांचे रविवार, मान आणि डोळे घालून शिवला की तो 'घरीच शिवला'. त्यातला 'च' ऐका. कापडाचे पैसे धरले जातात, चेनचे धरले जातात, बाईचे धरतच नाहीत. शेठ निदान डझनाला काहीतरी तरी द्यायचा.

आणि एकदा का तुला शिवता येतं हे कळलं, की तू सार्वजनिक मालमत्ता होतेस. जेवणाच्या पंगतीत तीन जणींनी विचारलं, फॉल-पिको करतेस का. एकीने पर्समधून लेकाच्या शाळेच्या पॅंटचं बटण काढलं. ते पर्समध्ये घेऊन ती साखरपुड्याला का आली होती, देव जाणे. फोटोत मी मागच्या रांगेत उभी राहिले, राणी कलर दिसू नये म्हणून. फोटो आले तेव्हा दिसलं, पुढची रांग खुर्च्यांवर बसली होती आणि दोन खुर्च्यांच्या फटीतून नेमका तेवढाच काठ आलाय.

घरी आल्यावर तो दोरा उसवायला घेतला. निघेना. माझे स्वतःचे टाके सुईचं टोक लावलं की सुटतात, आजींचे एकेक करून कापावे लागले. अर्ध्यावर कंटाळून ड्रेस हँगरला लावला. सोमवारपासून खिडकीच्या गजाला टांगलेला आहे. काल टेप लावून बघितलं, उजवी बाजू अजून पाऊण इंच खाली आली.

खाली मशीनवर मामींची पिशवी पडली आहे. तीन ब्लाऊज, हुकं लावायची आहेत. काल मामा देऊन गेले, "घाई नाही म्हणाली, शुक्रवारी दिलेस तरी चालतील." तिन्ही मोतिया रंगाचे आहेत. आणि त्या दहा रुपयांच्या कार्डावर राणी कलर बराच उरलाय.