मामा, डफी काळ्या पाण्यावर गेलाच नव्हता

मामांनी फॅमिली ग्रुपवर टाकलेला ‘नऊ आयरिश तरुण’ हा मेसेज मी आधी सोडून दिला होता. कुठे कुठे तोंड घालायचं? पण परवा आठवीतल्या भाचीने तोच पाठ करून वक्तृत्व स्पर्धेत म्हटला आणि दुसरा नंबर घेऊन आली. आता गप्प बसवत नाही.

ज्यांच्यापर्यंत तो अजून पोचला नाही त्यांच्यासाठी: इंग्रजांविरुद्धच्या १८४८ च्या बंडात नऊ आयरिश तरुण पकडले जातात, फाशीची शिक्षा होते. त्यातला एक न्यायाधीशाला म्हणतो, या वेळी सोडा, पुढच्या वेळी सापडणार नाही. जगभर ओरड होते म्हणून व्हिक्टोरिया राणी त्यांना जन्मठेपेवर ऑस्ट्रेलियात धाडते. १८७४ मध्ये तिला कळतं की ऑस्ट्रेलियाचा पंतप्रधान सर चार्ल्स डफी म्हणजे तोच कैदी! ती थक्क होऊन बाकीच्यांचा शोध घ्यायला लावते, तर कोणी गव्हर्नर, कोणी जनरल, कोणी मंत्री. शेवटी हात जोडलेले इमोजी आणि ‘परिस्थितीला दोष देऊ नका’.

आधी डफी, कारण सगळा डोलारा त्याच्यावर उभा आहे. चार्ल्स गॅव्हन डफीला १८४८ मध्ये अटक झाली हे खरं. खटला पुन्हा पुन्हा उभा केला, पण ज्यूरी काही त्याला दोषी ठरवेना, आणि १८४९ मध्ये तो सुटला. शिक्षाच नाही, तर जन्मठेप कसली? १८५२ मध्ये तो आयर्लंडमधल्या न्यू रॉसमधून निवडून आला आणि थेट लंडनच्या पार्लमेंटात जाऊन बसला. म्हणजे राणीच्याच पार्लमेंटात. ऑस्ट्रेलियाला तो गेला १८५५ च्या अखेरीस, स्वतःच्या मर्जीने. तिथे १८७१-७२ मध्ये तो व्हिक्टोरिया नावाच्या एका वसाहतीचा प्रीमियर, म्हणजे तिथला मुख्यमंत्री, होता. ऑस्ट्रेलियाचा पंतप्रधान हे पदच १९०१ पर्यंत अस्तित्वात नव्हतं. आणि ‘सर’? तो किताब त्याला १८७३ मध्ये मिळाला, राणीच्याच नावाने. आदल्या वर्षी किताब द्यायचा आणि पुढच्या वर्षी ‘अय्या, हा तोच का?’ म्हणायचं! ‘ऑस्ट्रेलियन डिक्शनरी ऑफ बायोग्राफी’ इंटरनेटवर फुकट आहे. त्यातली डफीची एक नोंद वाचली असती तरी हा मेसेज तिथेच संपला असता.

आता नऊ जण. बंडासाठी प्रत्यक्षात सात जणांना हद्दपार केलं. मेसेजमधल्या नऊपैकी त्यात चारच आहेत: मार, मॅकमॅनस, ओडोनोहू आणि मिचेल. (मेसेजमध्ये ‘मीघर’ लिहिलंय, उच्चार ‘मार’ असा आहे, भाचीने बिचारीने मीघरच म्हटलं.) मेसेजमधलेच मॅगी आणि ओगॉर्मन सापडलेच नाहीत, निसटून अमेरिकेला गेले. मॅगी पुढे कॅनडात मंत्री झाला, एवढं खरं.

कोर्टातला विनोदही भाकडकथा. क्लॉनमेलच्या कोर्टात मार जे बोलला ते आयर्लंडमध्ये आजही आठवतात: इंग्लंडच्या कायद्याने हा देहदंडाचा गुन्हा असेल, पण आयर्लंडचा इतिहास त्याचं कारण सांगतो आणि समर्थनही करतो. तेव्हा दुष्काळात माणसं मरत होती, विनोद कसला? आणि जगाच्या ओरडीने राणी वगैरे नमली नाही. या लोकांना दया नकोच होती, म्हणून त्यांना फाशीऐवजी हद्दपार करता यावं यासाठी १८४९ मध्ये पार्लमेंटला वेगळा कायदा करावा लागला.

१८७४ मध्ये राणीने शोध घेतलाच असता, तर? ओडोनोहू १८५४ मध्ये गेलेला. मॅकमॅनस १८६१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत, धंदा बुडून कफल्लक अवस्थेत. हे दोघे मेसेजमध्ये अमेरिकन सैन्यात ब्रिगेडियर जनरल आहेत! मॅगीचा १८६८ मध्ये ओटावात गोळी घालून खून झाला. मार मात्र खरंच ब्रिगेडियर जनरल होता आणि माँटानाचा गव्हर्नरही, पण हंगामी. १८६७ च्या जुलैत तो मिसुरी नदीत बोटीवरून पडून बुडाला.

मेसेज म्हणतो, मिचेलचा मुलगा न्यूयॉर्कचा महापौर. होता तो नातू. हे एक वेळ चालवून घेऊ. पण हाच मिचेल अमेरिकेत जाऊन गुलामगिरीची उघड वकिली करत होता, हे प्रेरणादायी मेसेजात कसं यावं?

मला खरा राग आहे तो एका माणसाला गाळल्याचा. बंडाचा पुढारी विल्यम स्मिथ ओब्रायन यादीत नाहीच. पुढे त्याला कुठलं पद मिळालं नाही ना! टास्मानियात (तेव्हाचं व्हॅन डीमन्स लँड) बाकीच्यांनी ‘पळणार नाही’ असा शब्द दिला आणि नेमून दिलेल्या जिल्ह्यात मोकळं राहायची परवानगी घेतली. ओब्रायनने शब्द द्यायला नकार दिला, म्हणून त्याला मरिया बेटावर एकटं ठेवलं. १८५० मध्ये होडीतून पळायचा बेत फसला आणि त्याची रवानगी पोर्ट आर्थरला झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यानेही शब्द दिला आणि तो न्यू नॉरफोक गावी राहायला आला. तिथे त्याला भेटायला ओडोनोहू आपला जिल्हा सोडून गेला आणि पकडला गेला. हा डब्लिनचा वकिलाकडचा कारकून, होबार्टमध्ये पोटासाठी छोटं वर्तमानपत्र चालवणारा. त्याला साल्टवॉटर रिव्हरच्या छावणीत कैद्यांच्या टोळीत मजुरीला लावलं. १८५२ च्या अखेरीस तो निसटला, अमेरिकेला पोचला आणि वर्षभरात मेला.

आणि हे झाले पेपरात नाव येणारे कैदी. थेट आयर्लंडहून जहाजात भरून ऑस्ट्रेलियाला नेलेले सुमारे ४०,००० कैदी होते, त्यातले कितीतरी किरकोळ चोरीसाठी.

मामा, आता ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ची मुदत गेलीय, मला कळतं. भाचीची पुढची फेरी रविवारी आहे. तेवढा ओडोनोहूचा परिच्छेद मी तिला वेगळा पाठवलाय.